मदत हवी आहे : केपटाउन ते पोर्ट एलिझाबेथ गाडीने, वाटेत आगुल्हास आणि औट्सहोर्न दोन्ही जमेल का?

नमस्कार मंडळी,

गणपती उरकले की सप्टेंबरअखेरीस केपटाउनहून गेबेरा, म्हणजे जुनं पोर्ट एलिझाबेथ, असं गाडीने जायचं ठरलंय. आम्ही दोघं, कॉलेजातली लेक आणि सासू-सासरे. व्हिसा-तिकिटांचं एजंट बघतोय, ते सोडा. एन-टू हायवे धरून सरळ गेलं तर साडेसातशे किमीच्या आसपास, पण सरळ जायला एवढ्या लांब कोण जातंय!

घोळ असा की प्रत्येकाचं एकेक खूळ आहे. सासरे भूगोलाचे मास्तर, त्यांना केप आगुल्हासच पाहिजे, कारण केपटाउनजवळच्या केप पॉइंटला सगळेच जातात पण आफ्रिकेचं खरं दक्षिण टोक आगुल्हास आणि हिंदी महासागर नि अटलांटिकची हद्द तिथल्याच २० अंश पूर्व रेखावृत्तावर धरतात, हे रोज जेवताना ऐकून ऐकून आता सासूबाईंनाही पाठ झालंय. सासूबाईंना व्हेल बघायचेत, म्हणजे वाटेतलं हर्मानस गाव. लेकीला ब्लूक्रान्स पुलावरून बंजी मारायचीय, २१६ मीटर (आजीला अजून सांगितलेलं नाही, इथे कोणी ओळखीचं असेल तर प्लीज बोभाटा नको). मला कांगो गुहा नि शहामृगं, म्हणजे औट्सहोर्न, जे किनारा सोडून डोंगरापलीकडे. नवऱ्याला काय, तिकडेही गाड्या डावीकडूनच चालतात, स्वारी खूश.

तर हर्मानसहून आगुल्हासला मॅप मधेच कच्च्या रस्त्यावर घालतंय, आणि भाड्याच्या गाडीच्या कागदात बारीक अक्षरात लिहिलंय की टायर आणि काच इन्शुरन्समध्ये नाही. डांबरी रस्ता आहे का? औट्सहोर्नसाठी वाकडी वाट करावी की तो दिवस किनाऱ्यावरच्या त्सित्सिकामा राष्ट्रीय उद्यानाला द्यावा? आणि तिथल्या स्टॉर्म्स रिव्हर नदीवरच्या झुलत्या पुलापर्यंत पायऱ्या किती आहेत, सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात. जेवणाचं टेन्शन नाही, किचनवाली कॉटेज घेऊन खिचडी टाकू.

प्रतिसाद

ताई, मी जोबर्गला (जोहान्सबर्ग) असतो, हा रस्ता पायाखालचा आहे. मॅपचं अजिबात ऐकू नका. हर्मानस, स्टॅनफर्ड, नेपियर, ब्रेडासडॉर्प आणि मग खाली आगुल्हास, सगळं डांबरी. औट्सहोर्न सोडू नका, जॉर्जहून औटेनिक्वा घाट चढला की तासाभरात पोचता आणि घाटाच्या अलीकडे हिरवंगार, पलीकडे एकदम कोरडं, काकांना तिथे रेन शॅडो (पर्जन्यछाया) प्रत्यक्ष दाखवता येईल. पुलाच्या वाटेला लाकडी पायवाट आहे पण पायऱ्याही बऱ्याच, काकूंना नदीच्या मुखापाशी रेस्टॉरंटात बसवा, लाटा तिथूनही मस्त दिसतात.

हर्मानसला मात्र आजच बुकिंग करा, त्याच सुमारास व्हेल फेस्टिव्हल असतो. बोटीचे पैसे घालवू नका, कड्यावरच्या पायवाटेवरून व्हेल दिसतात, समुद्री शेवाळाचं शिंग फुंकून व्हेल कुठे आलाय ते सांगणारा माणूसच आहे गावात. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा, आणि गाडीत सीटवर काही म्हणजे काही ठेवू नका, साधी पिशवीसुद्धा नाही.

धागाकर्ती

खूप आभार! रेन शॅडोचं सासऱ्यांना वाचून दाखवलं, औट्सहोर्न पास झालं 😄 आता जॉर्जला राहावं की जवळच्या वाइल्डरनेस गावाला, तेवढं सांगा.