मांजराचं पित्ताशय: लगेच ऑपरेशन की आधी औषधं?

बोक्याची_आई, गिरगाव
आमचा बोका ९ वर्षांचा, जुलैत चार दिवस जेवला नाही, आम्हाला वाटलं पावसाळी हवा आहे, पोट बिघडलं असेल. जवळच्या डॉक्टरांनी लिव्हरचं टॉनिक दिलं, त्यात आणखी तीन दिवस गेले आणि मग कान आतून हळदीसारखे पिवळे दिसले तेव्हा टॅक्सी करून दुसरीकडे धावलो. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत जाड, आत खडा आणि पित्तनळी ७ मिमी फुगलेली, ५ च्या वर गेली की अडथळा धरतात. पित्ताशय काढलं, बोका वाचला. माझं मत स्पष्ट आहे, नळी अडली असेल तर औषधात दिवस घालवू नका.

दादरचा_मांजरवाला
ताई, बोका वाचला याचा खूप आनंद आहे, पण हे सरसकट सांगू नका. बहुतेक मांजरांत पित्तनळी आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात उघडायच्या आधी एकत्र येतात, त्यामुळे आतड्यातले जंतू वर चढले की लिव्हर, स्वादुपिंड, आतडं तिन्ही सुजू शकतात, मग नुसतं पित्ताशय काढून काय होणार? आमच्या मनीचं सोनोग्राफीत बघत सुईने पित्त काढून कल्चरला, म्हणजे जंतू तपासायला पाठवलं, ई. कोलाय जंतू निघाला, त्या रिपोर्टप्रमाणे अँटिबायोटिक दिलं आणि पोट न फाडता ती बरी झाली. आधी निदान करा हो!

बोक्याची_आई, गिरगाव
दादा, मनीची नळी मोकळी होती म्हणून ते जमलं. पूर्ण अडलेली असताना पित्त पातळ करायची गोळी देणं धोक्याचं असतं. पित्त आतड्यात उतरत नाही म्हणून व्हिटॅमिन के पण शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. बोक्याला ऑपरेशनआधी त्याचं इंजेक्शन द्यावं लागलं, उशीर केला म्हणूनच ना?

कुर्ल्याची_काकू
माझी १४ वर्षांची आहे, मी नाही नेणार टेबलावर. पित्ताचा रस्ता वळवून आतड्याला जोडायचं ऑपरेशन सांगितलंय, त्यात बरीच मांजरं दगावतात हे सर्जननेच सांगितलं. गळ्यातून ट्यूब घालून भरवतेय, कारण मांजर उपाशी राहिलं की लिव्हरमध्ये चरबी साठते आणि ते वेगळंच संकट. तिचे जेवढे दिवस आहेत ते घरात, माझ्या उशाशी जाऊदेत.

दादरचा_मांजरवाला
काकू, बरोबर करताय. आणि ज्यांच्या मांजराला खडा दिसलाय पण ते खातंय, खेळतंय, रिपोर्ट नॉर्मल, त्यांनी तर सोनोग्राफी करत राहावी, बस.

बोक्याची_आई, गिरगाव
खडा शांत असेल तर मान्य. पण काकू, रागावू नका, नळी अडलेली असेल तर ट्यूबने पोट भरेल, पित्त खाली उतरणार नाही. वय बघून नाही म्हणण्याआधी दुसऱ्या सर्जनला एकदा रिपोर्ट दाखवा, उद्याच दाखवा, मी येते सोबत.