सासऱ्यांना गाऊट (युरिक ॲसिड वाढून सांधा सुजण्याचा आजार) झालाय, घरातला पांढरा रस्सा कसा सांभाळायचा? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही कोल्हापूरचे, शिवाजी पेठेतले. माझे सासरे, घरात सगळे आबाच म्हणतो, वय 63. तरुणपणी तालमीत घाम गाळलेला माणूस. व्यायाम सुटला, खाणं तेच राहिलं, आता वजन 88 किलो. बीपीची गोळी चालू आहे.

आखाडात गल्लीची त्र्यंबोली यात्रा झाली. दोन दिवस पै-पाहुणे आणि मटण. तिसऱ्या दिवशी पहाटे तीनला आबांच्या कण्हण्यानं जाग आली. उजव्या पायाच्या अंगठ्याचा सांधा लालबुंद सुजलेला, कातडी ताणून चकाकत होती. आत्याबाईंनी पायावर चादर टाकली तर तिचं वजनसुद्धा त्यांना सोसेना. मुरगळला असेल म्हणून मी शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली, तर ठणका आणखी वाढला. त्याचं मला अजून वाईट वाटतं. बर्फ लावायला हवा होता हे नंतर कळलं.

जवळच्या दवाखान्यात युरिक ॲसिड तपासलं, 6.4 आलं. "नॉर्मल आहे, गाऊट नाही," म्हणून वेदनाशामक देऊन घरी पाठवलं. दुखणं उतरल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी परत तपासलं तर 9.1! त्यांनी सांगितलं की ऐन दुखण्यात हा आकडा कधीकधी कमी दिसतो, म्हणून दोनेक आठवड्यांनी पुन्हा बघायचा असतो. कुणाच्या घरी असं झालं तर एका रिपोर्टवर थांबू नका, एवढं कळकळीनं सांगते.

आता खरी अडचण जेवणाची. डॉक्टरांनी मटण कमी करायला सांगितलं. आबांनी फोडी सोडल्या आणि म्हणतात, "मी नुसता रस्सा पितोय, त्यात काय हुतंय?" आणि तीन-तीन वाट्या पांढरा रस्सा भुरकतात. पण ज्या प्युरीनपासून शरीरात युरिक ॲसिड होतं, ते शिजताना पाण्यात उतरतं. म्हणजे फोडी बाजूला ठेवून अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, पिणं हे उलटंच पथ्य झालं. कलेजी, गुर्दा यांत तर प्युरीन मटणापेक्षाही जास्त. ते मी घरात आणायचंच बंद केलंय, त्यावरून दोन दिवस अबोला झाला.

दुसरं म्हणजे गूळ. साखर सोडून आबा गुळाचा चहा पितात, वर जेवणानंतर खडा. पण गूळ काय, साखर काय, दोन्हींत फ्रुक्टोज येतंच आणि त्यानं युरिक ॲसिड वाढतं. उसाच्या रसाचंही तेच. गुऱ्हाळाच्या गावात हे पटवून देणं फार अवघड आहे हो.

त्यात शेजारपाजारचे सांगतात डाळ बंद करा, पालक, टोमॅटो, मटकी बंद करा. डॉक्टर म्हणाले डाळी-उसळी नेहमीच्या प्रमाणात चालतील, त्यांचा मटणासारखा त्रास सहसा होत नाही. ताक, कमी सायीचं दूध चांगलंच. मग माणसाला उपाशी का मारायचं? उपासानंही उलट होतं. आबांनी वजन उतरवायला शनिवारी नुसत्या चहावर कडक उपास धरला आणि रविवारी अंगठा परत धरला. आता महिन्याला एक-दीड किलो, एवढंच उतरवायचं ठरवलंय.

माझे प्रश्न :

मटणाचं पाणी न घेता पांढरा रस्सा कुणी करतं का? नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू यांवर मी करून बघितला, पण अळणीचा तो दाटपणा आला नाही. कशानं येईल?

आठवड्याला किती मटण तुमच्याकडे पचलं? पूर्ण बंद केलं तर आबा बाहेर जाऊन खातील, हे मला माहीत आहे.

रंकाळ्यावर चालायला लावलंय, पण गुडघेही कुरकुरतात. सायकल बरी की चालणंच?

नंतरची भर : दोघांनी औषधाचं विचारलंय. युरिक ॲसिड उतरवायची रोजची गोळी चालू आहे, आकडा 6 च्या खाली आणायचाय. नुसत्या पथ्यानं साधारण एखाद्या अंकाचाच फरक पडतो, त्यामुळे 9 वरून पथ्यावर उतरणार नाही हे आम्हाला समजलंय. आबांनी मध्ये "आता दुखत नाही" म्हणून गोळी सोडली होती, आता रात्री जेवणानंतर मीच हातावर ठेवते. सुरुवातीच्या काही महिन्यांत गोळी चालू असतानाही दुखणं उठू शकतं, तेव्हा घाबरून बंद करायची नाही असं बजावलंय. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, त्यानंही युरिक ॲसिड वाढतं म्हणून डॉक्टरांनी ती बदलली. तुमच्याकडे असेल तर जरूर विचारा, पण आपल्या मनानं बंद करू नका. किडनीचा रिपोर्ट चांगला आहे.

आणखी एक राहिलं. आबा आयुष्यभर कापशी चप्पल घालत आले. आता तिच्या अंगठ्यात पाय घातला की सांधा घासतो, आणि प्लास्टिकच्या स्लिपरवर पेठेत फिरायला त्यांना लाज वाटते. अंगठ्याशिवाय, रुंद पट्ट्याची चामड्याची चप्पल मापानं शिवून देणारं कुणी कोल्हापुरात माहीत आहे का?