'ॲगोनिस्टीस' म्हणजे काय?

– इंग्रजी कवी मिल्टनच्या १६७१ साली छापलेल्या नाट्यकाव्याचं नाव 'सॅमसन ॲगोनिस्टीस'. सॅमसन म्हणजे बायबलमधला महाबली, शत्रूंच्या कैदेत पडलेला. यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ काय? ॲगनी म्हणजे यातना, म्हणून 'यातना भोगणारा सॅमसन' असं मी धरून चाललो होतो. डोळे काढलेले, गाझाच्या तुरुंगात जातं ओढतोय. बसतं की!

– बसतं, पण ती छटा मागाहून आलेली. ग्रीक 'अगोन' म्हणजे चढाओढ. ऑलिंपियाचे खेळ हा अगोन, अथेन्सच्या नाट्यस्पर्धा हाही अगोनच. त्यामुळे ॲगोनिस्टीस मल्लही असतो आणि नटही. 'प्रोटॅगोनिस्ट' म्हणजे मुळात पहिला नट. 'अगोनिया' आधी झुंज, मग झुंजीतली तगमग; इंग्रजी ॲगनी तिच्यातून निघाली.

मला इथे आपला 'फड' आठवतो. कुस्त्यांचा फड, तमाशाचाही फड. नाटकाचा तर आपण 'खेळ'च लावतो.

आणि मिल्टनने हे सगळं कथेत वापरलंय. शत्रूंच्या दागोन देवाच्या उत्सवात सॅमसनला ताकदीचे खेळ करून दाखवायला बोलावतात. तो आधी भडकतो: तुमच्याकडे दांडपट्टा फिरवणारे, पैलवान, डोंबारी, नकलाकार नाहीत का, मीच कशाला? शेवटी जातो. त्या इमारतीला मिल्टन चक्क 'थिएटर' म्हणतो, अर्धवर्तुळाकार, दोन खांबांवर तोललेलं. सॅमसन खेळ दाखवतो, मग खांबच उपटतो. (गंमत म्हणजे हे लिखाण रंगभूमीसाठी नाहीच, असं मिल्टनने प्रस्तावनेत बजावलंय.)

– खांबावरून क्लिओमेडीस आठवला. ग्रीसमध्ये ऑलिंपिक जिंकणाऱ्याचं कौतुक काही औरच: पुतळे, स्तुतिगीतं, अथेन्समध्ये सरकारी पंगतीत कायमचं पान. अस्टिपलाया बेटावरच्या या मुष्टियोद्ध्याच्या हातून प्रतिस्पर्धी मेला, पंचांनी विजय काढून घेतला. डोकं फिरलेला हा गावी परतला आणि शाळेचा खांब पाडला. छताखाली सुमारे ६० मुलं सापडली. लोक दगड घेऊन मागे लागले, तो अथीनाच्या देवळातल्या पेटीत लपला. पेटी फोडली तर रिकामी! डेल्फीचा कौल आला: हा शेवटचा वीर, याला बळी वाहा. पौसानियास या प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकाराने ही हकिगत नोंदवलीय. मिल्टनला हाच सुचला असेल असं मी म्हणत नाही, पण ग्रीक जाणणाऱ्याला त्या एका शब्दात असला माणूसही ऐकू येणार.

– मग मराठीत 'फडातला सॅमसन' म्हणू?

– म्हणा. कोल्हापूरकडच्यांना ऊस तोडणारा सॅमसन दिसला तर मात्र मी जबाबदार नाही.