जज काढून एआय बसवा म्हणणाऱ्यांनी आधी एक दिवाणी दावा चालवून बघा

काळा_कोट:
काल इथं एकाने लिहिलं की दिवाणी जज घरी पाठवा, एआय बसवा, वर्षभरात सगळी पेंडन्सी संपेल. खाली नुसता लाईकचा पाऊस. म्हणून सविस्तर लिहितोय. देशात खालच्या कोर्टांत दिवाणीच एक कोटीच्या वर दावे पडून आहेत, ते काय जजला निकाल सुचत नाही म्हणून? समन्स बजावून येत नाही, तोवर प्रतिवादी मयत, मग वारस लावा, त्यातला एक सुरतला एक पुण्यात, परत समन्स. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, ९० दिवसांत यायला हवी, ती वर्षाने येते आणि कॉस्ट, म्हणजे उशिराचा दंड, भरून घेतात. बेलीफची जागा रिकामी असेल तिथं एआय गावात जाऊन समन्स चिकटवणार आहे का?

तारीखवाला:
वकीलसाहेब, तुमचं घर तारखांवर चालतं, तुम्हाला बदल नकोच असणार. आमचा वाटपाचा दावा आज्याने घातलेला, आता वडील कोर्टात जातात. बोर्डावर ढीगभर केसेस लावतात, चालतात चार. कुठलं समन्स परत आलंय, कुठं वारस राहिलेत हे मशीनने आदल्या दिवशी सांगितलं तर म्हातारा माणूस पहाटेची एसटी पकडून उगाच जाणार नाही. एका बाजूला तीनच मुदती, म्हणजे तीनदाच तारीख पुढे ढकलून मिळेल, असं सीपीसीत (दिवाणी प्रक्रिया संहितेत) लिहिलंय, मोजतं कोण?

काळा_कोट:
वकिलांवर घसरू नका. मुदती मोजायला एआय लागत नाही, केसची हिस्टरी आजही मोबाईलवर दिसते. जजकडे शेजारच्या कोर्टाचा पण चार्ज असतो, साक्ष उतरवून घ्यायला स्टेनो नसतो, ते बोला. आणि मशीनवर विसंबलं की काय होतं तेही बघा, एका आयकर अधिकाऱ्याने कधी झालेच नाहीत अशा निकालांचा आधार घेतला, मुंबई हायकोर्टाला २०२५ मध्ये ती ऑर्डर रद्द करावी लागली.

विहीरकाठ:
स्टेनोचं निघालं म्हणून बोलते. विहिरीत निम्मा हिस्सा आणि पाण्याची पाळी ठरलेली, असं आई साक्षीत दोनदा बोलली. कागदावर पाळीचा उल्लेखच नाही, आणि अपिलात आमचं तेच उलटं पडलं. केरळात नोव्हेंबर २०२५ पासून खालच्या कोर्टांत साक्ष एआयने उतरवून घेतात, आणि केरळ हायकोर्टाने जुलै २०२५ च्या धोरणात निकाल द्यायला एआय वापरायचं नाही असंही स्पष्ट सांगितलंय. आपल्याकडे एवढंच का होत नाही? आवाज रेकॉर्ड झाला असता तर आईला खोटं पडावं लागलं नसतं.

बांधावरचा:
तुम्ही सगळे निकालापर्यंतच भांडताय. आमचा निकाल कधीच लागलाय, डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, हातात आहे, जमीन नाही. शेतजमिनीचं वाटप म्हणून सीपीसीच्या कलम ५४ खाली कागद कलेक्टरकडे, तिथून तहसीलला, मग मोजणी. मोजणीवाले आले तेव्हा ऊस उभा, पुढच्या वेळी पाऊस, त्याच्या पुढच्या वेळी चुलत्याची हरकत. दरखास्त, म्हणजे डिक्री अमलात आणायचा अर्ज, सहा महिन्यांत संपवा असं सुप्रीम कोर्टाने २०२१ ला सांगितलंय, आमच्या फाईलला ते कोण सांगणार?

तारीखवाला:
दादा हे मात्र खरं. पण कोर्ट आणि महसूल एकमेकांच्या फाईली बघत नाहीत, तेच जोडा म्हणतोय मी.

काळा_कोट:
जोडायला पैसा लागतो. कोर्टं ऑनलाईन करायच्या केंद्राच्या ई-कोर्ट योजनेचा तिसरा टप्पा ७२१० कोटींचा, त्यात एआय आणि ब्लॉकचेन मिळून ५३.५७ कोटी, सगळ्या देशाला. आणि कोर्टाचा हुकूम तहसीलमध्ये पडून राहतो तो सॉफ्टवेअर नाही म्हणून नाही, कोणी जाब विचारत नाही म्हणून.

बांधावरचा:
मग किती दिवस कुठल्या टेबलावर पडलाय हे तरी जजसमोर येऊ द्या! जाब विचारायला आधी दिसायला नको का? तुम्ही प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हणताय.

तारीखवाला:
बरं, निकाल माणसानेच द्यावा, तेवढं कालच्या पोस्टवाल्याचं चुकलं. बाकी मी एक शब्द मागे घेत नाही.

काळा_कोट:
साक्षीच्या रेकॉर्डिंगला माझी हरकत नाही, ताईंचं ऐकून म्हणतोय. बारच्या, म्हणजे वकील संघटनेच्या, मीटिंगमध्ये विषय काढतो. पण उतरवलेली साक्ष साक्षीदाराला त्याच्या बोलीत वाचून दाखवायची आणि रेकॉर्डिंगची प्रत दोन्ही बाजूंना द्यायची, हे नसेल तर मी विरोधच करणार.