गड्डा यात्रेपासून लग्नामुंजीपर्यंत ४१,००० फोटो : कीवर्ड कसे लावावेत?

प्रश्न – सातरस्ता

नमस्कार. वडिलांचा सोलापुरात लहानसा फोटो स्टुडिओ होता. तो बंद झाला, पण फोटो काढण्याची सवय घरात राहिली आणि आज माझ्या संगणकावर सुमारे ४१,००० फोटो साठलेले आहेत. त्यांत सिद्धेश्वर यात्रेचे, म्हणजे आमच्या गड्डा यात्रेचे, सलग पंधरा वर्षांचे फोटो आहेत, बंद गिरण्यांचे आहेत, मागावर चादर विणणाऱ्या कारागिरांचे आहेत, घरच्या लग्नामुंजींचे आहेत आणि वडिलांच्या निगेटिव्हवरून स्कॅन केलेले दोनेक हजार वेगळेच.

सगळे फोल्डर वर्ष आणि महिना या क्रमाने लावलेले आहेत, परंतु माणसे तारखेने फोटो मागत नाहीत. गेल्या महिन्यात एका परिचितांनी त्यांच्या दिवंगत वडिलांचा नंदीध्वज (यात्रेतली मानाची उंच काठी) पेलतानाचा फोटो मागितला. वर्ष त्यांना आठवत नव्हते, त्यामुळे तीन संध्याकाळी मी एकामागून एक जानेवारी महिने उघडत बसलो. फोटो सापडला, पण तेव्हाच ठरवले की आता कीवर्ड, म्हणजे फोटो शोधण्यासाठी त्याला जोडलेले शब्द, लावायचेच.

सुरुवात केली आणि महिनाभरात तीनशेच्या वर कीवर्ड तयार झाले. त्यांतले निम्मे कशासाठी केले, हे आता मलाच सांगता येत नाही. शिवाय एक जुना अनुभव मनात आहे. पूर्वी एका सॉफ्टवेअरमध्ये मी सगळे अल्बम नीट बांधले होते. ते सॉफ्टवेअर पुढे बंद पडले, संगणक बदलला, फोटो नव्या संगणकावर आले आणि अल्बम मात्र आले नाहीत. तेव्हा कीवर्ड किती असावेत, मराठीत असावेत की इंग्रजीत, आणि केलेले काम पुन्हा वाया जाऊ नये म्हणून काय करावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर – माळरान

फोल्डर आहेत तसेच राहू द्या, त्यांना हात लावू नका. एक फोटो एकाच फोल्डरमध्ये राहू शकतो, पण त्याच फोटोवर ‘नंदीध्वज’, ‘बाराबंदी’, ‘तलाव’ आणि एखाद्या माणसाचे नाव असे चार कीवर्ड एकाच वेळी असू शकतात. फोल्डरने फक्त फोटो कुठे ठेवला आहे एवढे सांगावे, आत काय आहे ते कीवर्डने सांगावे.

मी नान्नजच्या माळढोक अभयारण्यात आणि हिप्परग्याच्या तलावावर पक्ष्यांचे फोटो काढतो. मीही आरंभी जे दिसेल त्याचा कीवर्ड करत असे : गवत, आकाश, सकाळ, धुके. त्यांतल्या एकाही शब्दाने मी पुढे कधी फोटो शोधला नाही. आता नियम एकच ठेवला आहे. हा फोटो उद्या मला कोणी मागितला, तर तो कोणत्या शब्दाने मागेल? तेवढेच शब्द लावायचे. वर्ष आणि महिना कीवर्डमध्ये लिहू नये, कारण कॅमेरा ती माहिती एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलमधल्या नोंदीत, आपणहून लिहितो. अपवाद तुमच्या स्कॅनचा आहे, कारण त्यांच्यावर स्कॅन केल्याची तारीख पडलेली असते किंवा मुळीच नसते; ती आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर १९८५ची मुंज गेल्या वर्षीच्या फोटोंमध्ये जाऊन बसेल.

दुसरे म्हणजे कीवर्ड एकाखाली एक लावता येतात, त्याचा उपयोग करून घ्या. माझ्याकडे ‘पक्षी’ याखाली ‘माळढोक’ आहे. खालचा शब्द लावला की वरच्या शब्दाने शोधल्यावरही फोटो सापडतो. लाइटरूम क्लासिक या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये एका कीवर्डला समानार्थी शब्दही जोडता येतात. मी माळढोकला ‘ग्रेट इंडियन बस्टर्ड’ जोडले आहे. मराठी की इंग्रजी, या तुमच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर त्यातच आहे. मुख्य शब्द मराठीत ठेवा आणि बाहेरच्या माणसाला जिथे गरज पडेल तिथेच इंग्रजी जोडा.

उत्तर – जुना ग्रंथपाल

वरील सल्ला योग्य आहे. त्यात एका गोष्टीची भर घालतो, जिच्यावर ग्रंथालयात आमचे निम्मे आयुष्य खर्ची पडले : एका वस्तूला एकच शब्द. आपल्याकडे कोणी ‘गड्डा यात्रा’ म्हणतो, कोणी ‘सिद्धेश्वर यात्रा’, तर कोणी नुसतेच ‘गड्डा’. नंदीध्वजाला बोलताना ‘मानाची काठी’ म्हणणारेही आहेत. ही सगळी रूपे बोलण्यात गोड वाटतात, परंतु संग्रहात ती सर्व शिरली की प्रत्येक शोधात थोडे थोडे फोटो निसटतात आणि निसटले आहेत हे आपल्याला कळतही नाही. म्हणून एका वहीत शब्दांची यादी करा, डावीकडे स्वीकारलेला शब्द आणि उजवीकडे नाकारलेले शब्द. वहीच घ्या असे मुद्दाम म्हणतो, कारण ती फोटो पाहताना शेजारी उघडी राहते.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी ग्रंथांच्या वर्गीकरणासाठी एकाच विषयाकडे पाच बाजूंनी पाहण्याची पद्धत दिली. फोटोंना एवढे खोल जाण्याची गरज नाही, पण कोण, काय, कुठे आणि कोणता प्रसंग या चार बाजू पुरेशा होतात. तुमचे तीनशे शब्द या चार गटांत वाटून पाहा. जो शब्द कुठेच बसत नाही, तो बहुधा नको असलेलाच असतो.

शुद्धलेखनाकडेही लक्ष द्या. ‘सोलापूर’ आणि ‘सोलापुर’ हे संगणकाच्या दृष्टीने दोन वेगळे शब्द आहेत. ‘पायऱ्या’ या शब्दाची गंमत तर आणखी निराळी आहे. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-संकेतांत, दोन प्रकारे लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, पण शोधात एक मिळतो आणि दुसरा मिळेलच असे नाही. तळ्याकाठच्या पायऱ्यांचे फोटो तुमच्याकडे असणारच, म्हणून हेच उदाहरण दिले. उपाय सोपा आहे : कीवर्ड दर वेळी नव्याने टाइप करू नका, यादीतून निवडा.

उत्तर – नवीपेठ

एवढा खटाटोप हवाच कशाला? आजकाल फोनमधले अ‍ॅप चेहरे ओळखते, ‘देऊळ’ म्हटले की देवळे काढून देते. दोन वर्षांत कीवर्ड ही गोष्टच उरणार नाही.

उत्तर – जुना ग्रंथपाल

चेहऱ्यांच्या बाबतीत मान्य. परंतु संगणकाला पांढऱ्या बाराबंदीतली माणसे आणि उंच काठ्या दिसतील; त्या ६८ लिंगांच्या तैलाभिषेकासाठी निघाल्या आहेत की संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्यासाठी, हे त्याला चित्रावरून कसे कळणार? सातांपैकी पुढचा नंदीध्वज कोणत्या मानाचा, हेही तिथे उभा असलेला माणूसच सांगू शकतो. जे फक्त आपल्याला माहीत आहे, तेच लिहायचे आहे.

उत्तर – चिमणीखालचा

काम वाया जाऊ नये, या भागाचे उत्तर राहिले आहे. तुमचे अल्बम गेले, कारण ते फोटोत नव्हतेच, त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या नोंदींत होते. कीवर्डचेही तसे होऊ शकते. लाइटरूम क्लासिक सगळे आधी आपल्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे स्वतःच्या नोंदींत, ठेवते. फोटो निवडून कंट्रोल आणि एस दाबले, किंवा सेटिंग्जमध्ये एक्सएमपी (फोटोची माहिती साठवण्याची एक रचना) आपोआप लिहिण्याचा पर्याय चालू केला, तरच ते फाइलपर्यंत पोहोचते. डिजिकॅम हे मोफत सॉफ्टवेअर वापरणार असाल, तर त्यातही मेटाडेटाच्या (फोटोबद्दलच्या माहितीच्या) सेटिंग्ज उघडून टॅग, म्हणजे कीवर्ड, फाइलमध्ये लिहिण्याच्या पर्यायावर खूण आहे ना, हे आधी पाहा. जेपेग फोटोत कीवर्ड फाइलच्या आतच लिहिले जातात. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलच्या बाबतीत बहुतेक वेळा शेजारी त्याच नावाची छोटी एक्सएमपी फाइल तयार होते. रॉ हलवताना ती मागे राहिली, तर कीवर्डही मागे राहतात.

देवनागरीसाठी एक सूचना महत्त्वाची आहे. कीवर्ड साठवण्याच्या दोन रचना आहेत : जुनी आयपीटीसी आणि २००१ साली आलेली एक्सएमपी. जुन्या रचनेत एका कीवर्डला ६४ बाइटची मर्यादा आहे. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘सिद्धेश्वर गड्डा यात्रा’ मोजून पाहा, २१ चिन्हे आणि दोन मोकळ्या जागा मिळून ६५ बाइट होतात. नेमका एक बाइट जास्त! जुनी रचना वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अशा शब्दाचे शेपूट तुटू शकते. ‘गड्डा यात्रा’ एवढेच ठेवले, तर ३४ बाइटांत भागते.

आणखी एक. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत हे कीवर्ड उरत नाहीत, फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर टिकतात. त्यामुळे कीवर्डमध्ये कोणाचा फोन नंबर किंवा पत्ता लिहू नका. मूळ फाइल कोणाच्या हाती जाईल हे सांगता येत नाही.

उत्तर – सातरस्ता

सर्वांचे आभार. रविवारी २०१९च्या जानेवारीचे ६१२ फोटो घेऊन बसलो. वहीत चार रकाने आखले, तीनशेतले ४७ शब्द ठेवले, बाकीचे काढून टाकले. मग पाच फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन भावाच्या संगणकावर दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडले. चारांवर कीवर्ड व्यवस्थित दिसले. पाचवा रॉ होता आणि त्याची एक्सएमपी फाइल मी घरीच विसरलो होतो.

स्कॅनचे काम मात्र वडिलांना शेजारी बसवूनच करायचे ठरवले आहे. पहिल्या पन्नास फोटोंतल्या अकरा जणांची नावे मला माहीत नव्हती. त्यांनी नऊ सांगितली.