मदत हवी आहे: हॅलोविनच्या भोपळ्यावर वारली तारपा नाच कोरायचा आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही ओहायोमध्ये कोलंबसजवळ राहतो. लेक नऊ वर्षांची आहे. ३१ ऑक्टोबरला दारात ठेवायच्या भोपळ्यावर या वर्षी डोळे-नाक-दात नकोत, तारपा नाच हवा, असं तिनं जाहीर केलंय. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही डहाणूला मावशीकडे होतो. तिथे एका घराच्या गेरूच्या भिंतीवर तिनं तो पहिल्यांदा पाहिला. मधोमध तारपा, म्हणजे फुंकून वाजवायचं लांब वाद्य, वाजवणारा आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफलेली माणसं. तेव्हापासून तिच्या सगळ्या वह्यांमध्ये तीच माणसं आहेत.

माझी अडचण अशी. गेल्या वर्षी आम्ही हौसेनं २० तारखेलाच भोपळा कोरला. तोंड कापताना तीन दात तुटले, २६ तारखेला आतून बुरशी धरली आणि २८ ला झाकण आत कोसळलं. ३१ ला दार रिकामं होतं. ती त्या संध्याकाळी घराबाहेर पडलीच नाही, आणि ते मला अजून लागून राहिलंय. या वर्षी तसं होऊ द्यायचं नाही.

कागदावर चित्र तयार आहे. पण कापायचं म्हटलं की कळत नाही. काड्यांसारखे हातपाय कापले तर मधला गर जागेवर राहील का? माणसांचं कडं पूर्ण झालं की आतला तुकडाच निखळून पडेल असं वाटतंय. भोपळा केवढा घ्यावा, कधी कापावा, आत मेणबत्ती ठेवावी की बॅटरीचा दिवा? ज्यांनी असं बारीक कोरीवकाम केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद, एडिसनहून

ताई, तुमची शंका बरोबर आहे. घरी पुठ्ठ्याचा आकाशकंदील कापला असेल तर आठवा: फुलाच्या मधला गोल चारी बाजूंनी कापला की तो हातात येतो, म्हणून कुठेतरी एक काडी ठेवावी लागते. भोपळ्याचंही तेच. जे कापाल ते उजळेल, जे ठेवाल ते काळं दिसेल, आणि काळा भाग कुठून तरी बाहेरच्या भिंतीला जोडलेला हवाच. चित्राची झेरॉक्स काढा, कापायचा भाग पिवळ्या रंगानं भरा आणि उरलेल्या पांढऱ्यावर बोट फिरवून बघा. बोट न उचलता सगळ्या पांढऱ्या जागांवर जाता आलं तर नक्षी टिकेल. एखाद्या जागी उडी मारावी लागली तर तो तुकडा पडणार.

वारली चित्राचं एक बरं असतं. तिथे मुळातच गडद भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी माणसं असतात, म्हणजे माणसं कापायची आणि भिंत ठेवायची. भोपळ्याला हे सोयीचं आहे.

आता तुमचं कडं. तारपा नाच नीट आठवून बघा. ती माणसं बंद गोलात नसतात. साखळी वाजवणाऱ्याभोवती गुंडाळत जाते, पण तिचं एक टोक मोकळं असतं. ते मोकळं टोक तुमच्या चित्रात ठेवा, शक्यतो खालच्या बाजूला. मधला भाग तिथून भिंतीला जोडलेला राहील. म्हणजे चित्रात बदल न करता, उलट ते अधिक खरं करून तुमचा प्रश्न सुटतो.

प्रतिसाद, टोरोंटोहून

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी सात-आठ वर्षं दर ऑक्टोबरला कोरतो आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

सगळं आरपार कापायचं नसतं. एक मधली पद्धत आहे: फक्त वरची नारिंगी साल आणि थोडा गर खरवडायचा, भोक पाडायचं नाही. दिवा लावल्यावर तो भाग मधासारखा उजळतो. तुमचे हातपाय आणि तारपा अशा पद्धतीनं करा, धडं तेवढी आरपार कापा. हाताला हात लागलेला असला तरी काही तुटत नाही, कारण तिथे गर शाबूत आहे. यासाठी लिनोवर (छापकामाच्या मऊ पत्र्यावर) छाप कोरायची पटाशी मिळते, तिच्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या टोकानं रेघ छान निघते. रेघ आपल्यापासून दूर ओढायची आणि दुसरा हात कधीही पटाशीच्या समोर ठेवायचा नाही.

धडाचे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून कापू नका. कमरेशी तांदळाच्या दाण्याएवढी जागा सोडा. चार पावलांवरून डोळा ते आपोआप जोडून घेतो आणि भोपळ्याची ताकद टिकते. त्रिकोणाची बाजू एक इंचापेक्षा लहान नको, करवत आत वळत नाही. दोन भोकांमध्ये किमान अर्धा इंच गर राहू द्या. डोक्यासाठी चाकू वापरूच नका, ड्रिलला अर्ध्या इंचाचं पातं लावून सरळ भोक पाडा. गोल इतका स्वच्छ हातानं येत नाही.

चौदा इंच रुंद भोपळ्यावर सात नाचणारे आणि एक वाजवणारा, यापेक्षा जास्त माणसं घेऊ नका. गर्दी केली की उजेडात नुसता डाग दिसतो.

भोपळा घेताना साल गुळगुळीत आणि खाचा उथळ असलेला घ्या, बूड सपाट हवं, देठ हिरवं आणि घट्ट हवं. देठाला धरून उचलू नका, तुटतं आणि तिथूनच सडायला सुरुवात होते. झाकण वरून कापणार असाल तर सुरी आतल्या बाजूला तिरकी धरा, म्हणजे झाकण बसतं, आत पडत नाही. मी मात्र आता मागच्या बाजूनं तोंड पाडतो. देठाचा भाग शाबूत राहिला की भोपळा खचत नाही.

आतला गर खरवडणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. बिया-तंतू काढून थांबू नका. ज्या बाजूला चित्र येणार तिथली भिंत एक इंचापेक्षा कमी होईपर्यंत जाड कडेच्या चमच्यानं खरवडा. जाडी बघायला टाचणी टोचून बघायची. भिंत जाड राहिली तर खरवडलेल्या रेघा उजळणारच नाहीत, आणि मग पटाशीला दोष देत बसाल.

धागाकर्ती

किती नेमकं सांगितलंत! मोकळ्या टोकाचं वाचून लेकीला बोलावलं. तिनं डहाणूचा फोटो काढून दाखवला, आणि खरंच, साखळी मोकळीच आहे. मीच चित्र उतरवताना गोल पूर्ण केला होता.

अजून दोन प्रश्न. चित्र कागदावरून गोल भोपळ्यावर कसं उतरवायचं? आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात काय द्यायचं? सगळं मीच केलं तर तिचा भोपळा कसला.

प्रतिसाद, एडिसनहून

ठिपक्यांच्या रांगोळीसारखं. कागदाच्या कडांना चिरे द्या म्हणजे तो गोलाव्यावर बसतो, चिकटपट्टीनं लावा आणि रेघांवरून टाचणीनं जवळजवळ ठिपके टोचत जा. कागद काढल्यावर ठिपके दिसत नाहीत, तेव्हा वरून थोडं पीठ चोळा, भोकांत बसून पांढरे उठतात. टोचायचं हे पूर्ण काम लेकीला द्या, बिया काढायचंही द्या. कापायला दुकानात मिळणाऱ्या संचातली बारीक दात्यांची करवत द्या, ती धारदार सुरीपेक्षा खूप सुरक्षित असते. स्वयंपाकघरातली सुरी ओल्या सालीवरून सटकते आणि थेट हातावर येते. ड्रिल आणि पटाशी मात्र तुमच्याच हातात.

कापताना मधून बाहेर या. आधी वाजवणारा, मग आतली माणसं, शेवटी मोकळ्या टोकाकडची. कडेपासून सुरुवात केली तर मधलं कापताना दाब द्यायला आधारच उरत नाही.

प्रतिसाद, डब्लिनहून

कोरीवकामाची मला माहिती नाही, पण एक सांगावंसं वाटलं. ही चाल इथली, आयर्लंडची, आणि इथे भोपळा नव्हता. लोक शलगम कोरत. मेयो परगण्यातल्या टर्लो पार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगलमधल्या एका जुन्या शलगम कंदिलाची प्रतिकृती आहे. सुकलेला, सुरकुतलेला चेहरा आहे, बघून अंगावर काटा येतो. भोपळा हे अमेरिकेचं फळ, आयरिश माणसं तिकडे गेल्यावर ते हाताशी आलं. तेव्हा तुमच्या लेकीनं त्यावर डहाणूची माणसं नाचवली तर त्यात वावगं काही नाही. तारपा तर दुधी भोपळा वाळवूनच करतात, म्हणजे नातं घरातलंच.

एक विनंती: वारली लग्नात भिंतीवर काढतात तो देवचौक, म्हणजे पूजेचं चौकोनी चित्र, आणि त्यातली पालघट देवी मात्र यावर नको. तो पूजेचा भाग आहे. नाच, शेत, झाडं, पक्षी खुशाल काढा.

धागाकर्ती

मनापासून पटलं. तिला समजावून सांगितलं. चौक काढायचा तिचाही विचार नव्हता, पण का काढायचा नाही हे तिला कळलं ते बरं झालं.

प्रतिसाद, टोरोंटोहून

टिकण्याबद्दल राहिलंच. २० तारीख फार लवकर होती. अख्खा भोपळा थंड जागी महिनोन् महिने राहतो, कापलेला चार-पाच दिवस. २९ ला कापा. कापून झाल्यावर एक लिटर पाण्यात एक चमचा ब्लीच घालून आतून आणि कापलेल्या कडांवर शिंपडा, उलटा ठेवून कोरडा होऊ द्या. ब्लीच मोठ्यांनीच हाताळायचं, खिडकी उघडी ठेवून. आत बॅटरीचा पिवळसर दिवाच ठेवा. मेणबत्तीच्या उष्णतेनं गर शिजतो आणि खरवडलेल्या रेघा मऊ पडतात. रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर भोपळा आत घ्या, गोठून वितळला की लगदा होतो. सुकून कडा वळल्या तर थंड पाण्यात काही तास बुडवा, बराच सावरतो. एखादा तुकडा तुटलाच तर टूथपिक टोचून बसवा.

प्रतिसाद, पुण्याहून

गराचे घारगे होतील का हो?

प्रतिसाद, एडिसनहून

करून पाहिलेत, नाही जमत. कोरायचा भोपळा पाणचट आणि तंतुमय असतो, पीठ नुसतं खात जातो. घारग्यांना बटरनट जातीचा भोपळा आणा, आपल्या तांबड्या भोपळ्याच्या जवळ जातो. बिया मात्र धुऊन, कोरड्या करून, तेल-मीठ-हिंग-तिखट लावून ओव्हनमध्ये भाजा.

धागाकर्ती, २९ ऑक्टोबर रात्री

झाला! भिंत खरवडण्यातच दीड तास गेला. ठिपके सगळे लेकीनं टोचले, चार त्रिकोणही तिनं स्वतः करवतीनं कापले. पाचव्या माणसाचं धड कापताना कमरेचा दाणा तुटला. टूथपिक लावायला निघाले, तर ती म्हणाली, राहू दे, तो वाकून नाचतोय.

घरातले दिवे घालवून आतला लावला. सात माणसं उजळली. हातांच्या रेघा मधाच्या रंगाच्या दिसतात, अगदी सांगितल्यासारख्या. फक्त तारपा नीट दिसत नाही, तिथली भिंत जाड राहिलीय. उद्या शाळेतून आल्यावर दोघी मिळून तेवढा भाग आतून अजून खरवडणार आहोत.