रंगीत केमिकलमध्ये धुता येणारा ब्लॅक अँड व्हाईट रोल कोणता घ्यावा?

प्रश्न: घरी डेव्हलप करायची सोय नाही आणि लॅबमध्ये फक्त सी-४१ (रंगीत निगेटिव्ह धुण्याची नेहमीची प्रोसेस) होतं, तर त्यातच धुता येईल असा ब्लॅक अँड व्हाईट रोल कोणता, आणि साध्या रोलपेक्षा फरक काय पडतो?

प्रतिसाद १: इलफर्डचा एक्सपी२ सुपर घे. कोडॅकचा असाच रोल, बीडब्ल्यू४००सीएन, २०१४ मध्येच बंद झाला. एक्सपी२ मध्ये साध्या रोलसारखी शेवटी चांदी उरत नाही, इमेज डायची (रंगद्रव्याची) बनते, त्यामुळे स्कॅनरचं इन्फ्रारेडने धूळ काढणं मस्त चालतं, साध्या रोलवर ते पार गंडतं. रोलवर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ४०० लिहिलंय पण मी २०० धरूनच मीटर करतो, ग्रेन (फोटोतला दाणेदारपणा) एकदम मऊ येतो आणि हायलाइट (उजळ भाग) पण सांभाळले जातात.

प्रतिसाद २: लॅबने रंगीत कागदावर प्रिंट काढली तर हिरवट-तपकिरी झाक येऊ शकते, स्कॅन ग्रेस्केलमध्येच माग. आणि एचपी५ किंवा ट्राय-एक्ससारखा साधा ब्लॅक अँड व्हाईट रोल चुकूनही सी-४१ ला देऊ नको रे, ब्लीच आणि फिक्समध्ये सगळी चांदी निघून जाते. माझा एक अख्खा रोल असाच कोरा आला, अजून वाईट वाटतं.

प्रश्नकर्ता: थँक्स, मग एकाच रोलवर काही फ्रेम २०० ला आणि काही ४०० ला चालतील?

प्रतिसाद १: हो बिनधास्त, डेव्हलपिंग नेहमीचंच सांग. फक्त अंडरएक्स्पोज करू नको (म्हणजे प्रकाश कमी पडू देऊ नको), सावल्यांत ग्रेन दिसतो.